सगळं तुझ्या एकटीच्या डोक्यावर घेऊ नकोस

अगं, तुझा निरोप वाचला. प्लास्टिक टाळायचं, पाणी वाचवायचं, वीज-गॅस जपून वापरायचा, कचरा वेगळा करायचा, झाडं लावायची, मुलांना शिकवायचं. आणि हे सगळं सकाळचे डबे, सासूबाईंच्या गोळ्या आणि आखाड्यावरची न्याहारी सांभाळून! ‘ताई, मी एकटी काय काय करू?’ असं लिहिलंयस. खरं सांगू का, एकटीनं करायचंच नाही हे. आणि सगळंही करायचं नाही.

मला एका गोष्टीचा फार राग येतो बघ. पर्यावरण वाचवा म्हणून जे जे सांगतात, त्यातलं निम्मं घरातल्या बाईच्या कामात भर घालणारं असतं. कापडी पिशव्या शिवा, कचरा निवडा, साबण घरी बनवा. बरं, वेळ कुठून आणायचा? म्हणून मी दोन कसोट्या ठरवल्यात. एक, या बदलानं माझं काम, खर्च किंवा घरातलं दुखणं कमी होतंय का? दोन, हे काम घरातल्या दुसऱ्या कुणाकडे देता येतंय का? दोन्हींचं उत्तर ‘नाही’ असेल तर तो बदल पंधरा दिवसांच्या वर टिकत नाही, मग त्याच्या मागे जीव घालवायचा कशाला? या कसोट्यांना उतरतं तेवढंच तुला सांगते.

तू म्हणशील, कुरुंद्यासारख्या गावात आपण चार बायकांनी काय केलं म्हणून असा काय फरक पडणार? अगं, आपण दोन्ही टोकं बघितलीत. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, आणि आपल्या भागातही टँकरची वाट बघत बायका घागरी घेऊन उभ्या होत्या. आणि जुलै २०२२ मध्ये? मुसळधार पावसानं नदी फुगली आणि पाणी थेट घरांत शिरलं. धान्य भिजलं, अंथरुणं गेली, जनावरांचे हाल झाले. ढगफुटीसारखा पाऊस तुझ्या-माझ्या पिशव्यांमुळे पडत नाही, हे मी पण जाणते. पण पडलेलं पाणी वाहून जायला नाल्या मोकळ्या असाव्या लागतात, आणि नाल्यांत काय अडकलेलं असतं ते पूर ओसरल्यावर तारेच्या कुंपणावर लटकलेलं तूही बघितलं असशील. आपलं पाणी पुढे आसनेला मिळतं आणि नांदेडजवळ गोदावरीत जातं. म्हणजे आपल्या मोरीतून आणि उंबऱ्यातून बाहेर गेलेलं आधी आपल्याच गल्लीत तुंबतं, आणि उरलेलं खालच्या गावांच्या पाण्यात जातं.

आता पहिली गोष्ट, आणि माझ्या लेखी सगळ्यात महत्त्वाची. चूल पेटवायला कॅरीबॅग घालू नकोस. गॅस असला तरी आंघोळीचं पाणी आणि भाकरी बहुतेक घरांत चुलीवरच असते, त्याला मी काही म्हणत नाही. सिलिंडर परवडला पाहिजे ना! पण पावसाळ्यात जळतण ओलं असतं, पेटता पेटत नाही, मग हात आपोआप कोनाड्यातल्या पिशवीकडे जातो. दुधाची पिशवी, शॅम्पूच्या पुड्या, बिस्किटाचे कागद, फाटकी चप्पलसुद्धा. भपकन पेटतं, खरंय. पण तो काळा, डोळ्यांना झोंबणारा धूर कुणाच्या छातीत जातो सांग बरं? तू चुलीपुढे बसलेली, मांडीवर लेकरू. प्लास्टिक असं अर्धवट जळतं तेव्हा त्यातून विषारी वायू निघतात. चपला, वायरी, रेक्झीनमध्ये पीव्हीसी असतं, आणि त्याच्या धुरातून डायॉक्सिनसारखी द्रव्यं निघतात. ती शरीरात वर्षानुवर्षं साठून राहतात. राखेतही उरतात, आणि तीच राख आपण भांड्यांना नाहीतर वाफ्यात घालतो.

याला उपाय साधा आहे गं. उन्हाळा संपायच्या आत तुराट्यांच्या बारीक काटक्या, नारळाच्या शेंड्या, मक्याची वाळलेली कणसं आणि गोवऱ्यांचे तुकडे एका पोत्यात भरून चुलीच्या वरच्या बाजूला, कोरड्यात टांगून ठेव. तिथं धुरानं ते आणखी कडक होतात. भर पावसातही मूठभर शेंडी घातली की चूल पेटते. हे पोतं भरायचं काम मुलांना दे, त्यांना ते खेळासारखंच वाटतं. संध्याकाळी अंगणाच्या कोपऱ्यात झाडलोट करून पेटवतात ना, तेही थांबव. पालापाचोळा उकिरड्यावर टाक. प्लास्टिक मात्र एका वेगळ्या पोत्यात कोंबत जा. महिनाभराचं प्लास्टिक एका पोत्यात सहज मावतं, भंगारवाला आला की बाटल्या-डबे तो घेतो, उरलेलं पंचायतीच्या गाडीत द्यायचं. गाडी येत नसेल तर त्याचं काय करायचं ते शेवटी सांगते, ते विसरू नकोस.

आणि हो, भाजीची देठं, उरलेली पोळी पिशवीत गाठ मारून कधीच टाकू नकोस. ओल्याचा वास आला की गाय पिशवीसकट खाते. मग तिच्या पोटात त्याचा गोळा होतो, ती चारा खाईना की घरचे म्हणतात नजर लागली. ओलं मोकळंच टाकायचं. शेळ्या आहेत, कोंबड्या आहेत, उकिरडा आहे. शहरातल्या बायकांना यासाठी बादल्या आणि खताची किट विकत आणावी लागतात. आपल्याकडे ती सोय परसातच आहे बघ, फक्त मधली पिशवी काढून टाकायची.

बाजाराच्या पिशव्यांचं मी थोडक्यात सांगते, कारण ते तू हजारदा ऐकलंयस. महाराष्ट्रात प्लास्टिकबंदी २०१८ पासून आहे, तरी माळवं घेताना प्रत्येक ढिगाला एक पातळ पिशवी मिळतेच. पिशवी न्यायची आठवण राहत नाही हा खरा घोळ. म्हणून पिशव्या घरात ठेवूच नकोस. एक गाडीच्या डिक्कीत, एक भावजींच्या गाडीला, एक तुझ्या पर्समध्ये घडी करून. नवीन कापड आणून शिवायच्याही नाहीत. जुन्या नायलॉन साडीची पिशवी भिजली तरी लगेच वाळते, वजनाला हलकी आणि घडी मुठीत मावते. शिवायला वेळ नसेल तर गावातल्या शिलाईवालीकडे दोन जुन्या साड्या टाक, तिलाही चार पैसे मिळतील.

आता पाणी. इथं मी जरा जास्त बोलणार आहे.

तुझ्या मोरीचं आणि न्हाणीचं पाणी कुठं जातं ते एकदा बाहेर जाऊन बघ. बहुतेक घरांचं ते उघड्या नालीत जातं, नाली घराच्या कोपऱ्यावर तुंबते, तिथं डास होतात. मग डेंगी-मलेरियाची औषधं, दवाखान्याच्या चकरा आणि आजाऱ्याची उस्तवार, ती पण तुझ्याच गळ्यात. याच्यावर आपल्या शेजारच्या नांदेड जिल्ह्यानं उत्तर शोधलंय. हिमायतनगर तालुक्यातलं टेंभुर्णी हे गाव शोषखड्ड्यांसाठी ओळखलं जातं. घरोघरी खड्डे केले, सांडपाणी जमिनीत जिरलं, उघड्या नाल्यांची गरज उरली नाही आणि डास हटले. पुढे तोच ‘नांदेड पॅटर्न’ म्हणून दुसऱ्या गावांनीही उचलला.

खड्डा साधारण चार फूट लांब, चार फूट रुंद, चार फूट खोल. मध्ये सिमेंटची, बाजूंना भोकं पाडलेली टाकी, भोवती खाली मोठे दगड, वर गोटे आणि त्यावर खडी. मोरीचा पाइप टाकीत सोडायचा, वर झाकण. एवढंच. पण आपल्याकडे दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेव. आपली जमीन काळी, चिकट. काळ्या मातीत पाणी जिरत नाही, म्हणून मुरूम लागेपर्यंत खोल जावं लागतं, नाहीतर खड्ड्याचं डबकं होतं आणि बायका म्हणतात शोषखड्डा काही कामाचा नाही. दुसरं, विहीर किंवा हातपंपाच्या जवळ तो करायचा नाही, आणि संडासाचं पाणी त्यात सोडायचं नाही. पाइपच्या तोंडाशी जाळी बसव, म्हणजे भाताची शितं आणि केसांचे गुंते आत जात नाहीत. ही जाळी आठवड्यातून एकदा साफ करायची, आणि ते काम घरातल्या पुरुषमाणसाला दे. हो, लाजू नकोस, स्पष्ट सांग. रोजगार हमीतून शोषखड्ड्याची कामं होतात. तुमच्या घराला मिळेल का ते ग्रामरोजगार सेवकाकडे चौकशी करायला भावजींनाच पाठव.

खड्डा करायला जागा नसेल तर मोरीचं पाणी केळीला, अळूला, कर्दळीला दे. एक-दोन केळीचे बुंधे आणि अळूचं बेट मोरीच्या तोंडाशी असलं की बरंचसं पाणी तिथंच संपतं. फक्त कपड्यांना पावडर जरा हात राखून वापर. पाकिटावर लिहिलेल्यापेक्षा मूठभर जास्त टाकली म्हणून कपडे जास्त पांढरे होत नाहीत गं, फेसच जास्त होतो आणि तो काढायला आणखी दोन बादल्या पाणी जातं.

पावसाचं पाणी धरायचं तर मोठा खर्च लागतो असं सगळ्यांना वाटतं. तू हिशोब कर. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. तुमच्या मागच्या पडवीचं पत्र्याचं छप्पर वीस बाय पंधरा फूट आहे असं धर, म्हणजे सुमारे अठ्ठावीस चौरस मीटर. दहा मिलिमीटरचा साधा पाऊस झाला तरी पावणेतीनशे लिटर पाणी त्या पत्र्यावरून खाली येतं. थोडं उडालं-सांडलं तरी दोनशे लिटरचा ड्रम भरतो. पत्र्याच्या कडेला अर्धा चिरलेला पाइप बांधायचा, तोंडाला जुनं धोतर किंवा सुती साडीचं कापड. पहिला पाऊस मात्र जाऊ द्यायचा, त्यात वर्षभराची धूळ आणि पाखरांची घाण असते. हे पाणी प्यायचं नाही, पण भांडी, कपडे, जनावरं धुणं सगळं होतं, आणि त्या दिवशी मोटर लावावी लागत नाही. ड्रमवर कापड घट्ट बांधायला विसरू नकोस. डेंगीचा डास घाण पाण्यात नाही, अशा साठवलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. आठवड्यातून एकदा सगळी भांडी रिकामी करून, घासून कोरडी करायची.

तुमच्याकडे आरओचं मशीन बसवलंय असं म्हणालीस. चालू असताना त्याच्या बारीक नळीतून किती पाणी बाहेर जातं बघितलंस का? एक लिटर प्यायचं पाणी काढताना दोन-तीन लिटर ते टाकून देतं. नळी एका बादलीत सोड, आणि ते पाणी फरशीला, संडासाला वापर. रोपांना नको, त्यात क्षार जास्त असतात.

आणि घरात थेंब थेंब जपताना वावरात मोकाट पाणी वाहत असेल तर सगळंच मुसळ केरात. ऊस आणि केळी किती पाणी पितात ते तुला सांगायला नको. रात्री लाइट आली की आपोआप मोटर सुरू होणारी ती पेटी असते ना, ती बसवून माणूस घरी झोपतो आणि पाणी पहाटेपर्यंत बांध फोडून वाहतं. विहीरही उपसते आणि मातीही वाहून जाते. ठिबकला अनुदान मिळतं, आपल्या भागातल्या पुष्कळ हळदवाल्यांनी ते केलंय. भावजींशी बोल. भांडणाच्या सुरात नको, जेवताना, खर्चाचा हिशोब घेऊन बोल. ठिबकनं पाणी आणि मजुरी वाचते, खत थेट मुळाशी जातं आणि तणही कमी होतं. खुरपायला बायका मिळत नाहीत म्हणून तेच तक्रार करतात ना? मग!

तसंच पाचटाचं. ऊस तुटून गेला की रात्री पाचट पेटवून देतात आणि सकाळी धुण्यावर काळी राख पडलेली असते. हेक्टरी आठ-दहा टन पाचट निघतं गं, केवढं खत जाळतो आपण! खोडव्यात सरीआड सरी तेच दाबून ठेवलं तर ओल टिकते, पाण्याची एखादी पाळी वाचते, आणि कुजून त्याचं खतच होतं. हळदीच्या पाल्याचंही तेच, काढणीच्या आधी कापलेला पाला बांधावर पेटवण्यापेक्षा खताच्या खड्ड्यात जाऊ दे. हे निर्णय आपल्या हातात नसतात असं तू म्हणशील. पण घरात तुझं ऐकतात, मला माहीत आहे. तू बोलत नाहीस एवढंच.

आता जरा आपल्या आपल्यातलं. पाळीच्या दिवसांबद्दल तू विचारलंस ते बरं झालं, कारण हे कुणी नीट सांगतच नाही. विकतच्या पॅडमध्ये बरंचसं प्लास्टिकच असतं, वरची जाळी, खालचा थर, चिकटपट्टी. ते मातीत कुजत नाही, जाळलं तर धूर, नदीत टाकलं तर तिथंच फुगून बसतं. म्हणून कापडाचं किंवा पाळीच्या कपचं सांगतात. पण बघ, मला कुणी पॅड वापरणाऱ्या मुलीला दोषी धरलेलं अजिबात आवडत नाही. आपल्या आयांनी ओलसर फडकी गोठ्याच्या अंधारात वाळवली आणि आजार अंगावर काढले. राज्य सरकारनं ८ मार्च २०१८ ला अस्मिता योजना आणली, झेडपीच्या शाळेतल्या मुलींना स्वस्तात पॅड मिळू लागले, ते हवंच होतं. शाळेत जाणाऱ्या मुलीला पॅडच सोयीचं.

तू घरी असतेस, न्हाणी तुझी आहे, म्हणून तुला निवड आहे. जुन्या मऊ सुती कापडाच्या घड्या नाहीतर शिवलेले कापडी पॅड घे. आधी गार पाण्यात भिजव, गरम पाण्यानं डाग पक्का बसतो. मग साबणानं धुवून थेट उन्हात वाळव. साडीखाली लपवून, सावलीत अजिबात नको. ऊन हेच त्याचं औषध आहे. कुणी बघितलं तर बघू दे गं, सगळ्या घरात बायका आहेत. कप वापरून बघावासा वाटला तर चांगला आहे, एकदा घेतला की काही वर्षं चालतो, पण पहिल्या एक-दोन पाळ्यांत सवय व्हायला वेळ लागतो, आणि प्रत्येक पाळीनंतर तो उकळून घ्यावाच लागतो. नाही जमलं तर नाही जमलं. फक्त रात्री कापड आणि बाहेर जाताना पॅड एवढं केलंस तरी पॅड निम्म्यावर येतील, पैसे पण वाचतील. वापरलेलं पॅड कागदात गुंडाळून, त्यावर लाल खूण करून वेगळं द्यायचं, म्हणजे कचरा उचलणाऱ्या माणसाला हात लावायच्या आधी कळतं. संडासात टाकू नकोस, एकाच पॅडनं अख्खं भांडं तुंबतं आणि ते कुणालातरी हातानं काढावं लागतं.

विजेचं पटकन सांगते. साठ वॅटचा जुना पिवळा बल्ब रोज पाच तास लावला तर महिन्याला नऊ युनिट जातात, नऊ वॅटच्या एलईडीला दीड युनिटही लागत नाही. देवघरात आणि गोठ्यात जुने बल्ब राहून गेलेत का, तेवढं बघ. डाळ-हरभरा आधी भिजवून मग कुकरला लाव, गॅस वाचतो. छतावर सौर पॅनलसाठी फेब्रुवारी २०२४ मध्ये पंतप्रधान सूर्यघर योजना आली, तीन किलोवॅटला ७८ हजारांपर्यंत अनुदान जाहीर झालं होतं. तुमचं स्लॅबचं घर आहे, बिलही मोठं येतं, म्हणून महावितरणमध्ये चौकशी करायला हरकत नाही. पत्र्याचं घर असतं आणि बिल दोनशे रुपये असतं तर मी म्हटलंच नसतं.

संक्रांतीचं वाण! अगं, यावर मी किती दिवस बोलायचं म्हणतेय. दरवर्षी हळदीकुंकवाला आपण एकमेकींना प्लास्टिकच्या डब्या, गाळण्या, साबणदाण्या वाटतो. तुझ्या फडताळात किती आहेत बघ बरं, न वापरलेल्या, झाकण न बसणाऱ्या. पन्नास बायकांना वाटायचं म्हणून स्वस्तातलं घ्यावं लागतं, आणि स्वस्तातलं म्हणजे लगेच फुटणारं. आपल्या वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. जगात नाव असलेली हळद आपल्या घरात पोत्यानं पडलेली, आणि आपण वाण म्हणून प्लास्टिकची चाळणी देतो! यंदा कापडाच्या छोट्या पुरचुंडीत चार हळकुंडं आणि वाटीभर हळदपूड दे. नाहीतर गावरान वाल, दोडका, भोपळा, वांग्याचं बी दे. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरेंनी असंच गावरान बी जपलं, एकमेकींना वाटत वाढवलं, आणि पद्मश्रीपर्यंत पोचल्या. ज्या बाईला तू आज बी देशील ती पुढच्या वर्षी तिच्या वेलाचं बी तुला परत देईल. खर्च जवळपास काहीच नाही, आणि तुझ्या सासूबाईंना हे फार आवडेल, त्यांच्याकडे मडक्यात राखेत घातलेलं बी अजून असेल. त्यांना विचार. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना असं काही विचारलं की ती आपणहून हाताशी येतात.

लग्नकार्याला प्लास्टिकचे ग्लास आणि थर्माकोलच्या पत्रावळ्या नकोत असं एकटीनं म्हटलं तर ‘हिचं काहीतरीच’ म्हणतात. तिथं बचत गट कामाला येतो. गटानं एकदा दोनशे स्टीलची ताटं आणि पेले घेऊन ठेवले तर ते भाड्यानं देता येतात. गटाला उत्पन्न, लग्नघराचा पत्रावळींचा खर्च वाचला, आणि दुसऱ्या दिवशी उकिरड्यावर ढीग नाही. पंगत वाढायला जशी पोरं पुढे येतात तशी ताटं धुवायलाही त्यांनाच लावायचं, हे मात्र आधीच ठरवून घ्या. नाहीतर पुन्हा आपणच मोरीपाशी रात्री दोनपर्यंत!

टोकाईच्या गडावर नवरात्रात जाशील तेव्हा प्रसादाचे कागद आणि पाण्याच्या बाटल्या पिशवीत घालून खाली आण. मुलांना सांगितलंस की ती स्वतःच गोळा करतात, आपल्याला वाकावंही लागत नाही. आणि घरापुढे झाड लावायचंच असेल तर एकच लाव, शेवगा किंवा कडुनिंब, आणि तीन उन्हाळे जगव. पावसाळ्यात दहा रोपं लावून फोटो काढायचे आणि मार्चमध्ये काटक्या उपटायच्या, हे मला बघवत नाही.

आता त्या प्लास्टिकच्या पोत्याचं. घरातलं प्लास्टिक तू एकत्र केलंस, पण ते न्यायला गाडी येत नसेल तर चूक तुझी नाही. ते काम पंचायतीचं आहे, आणि तिथं तुझा आवाज लागतो. ग्रामसभेच्या आधी बायकांची वेगळी सभा घ्यायची असा महाराष्ट्रात कायदा आहे. बहुतेक गावांत ती कागदावरच होते, कारण आपण जात नाही. पाटोदा आपल्या मराठवाड्यातलंच गाव. कर भरणाऱ्याला दळण फुकट, प्यायचं आणि वापरायचं पाणी वेगळं, हे तिथं पंचायतीनं करून दाखवलं. तेव्हा हे गावात होत नाही असं म्हणायला जागा नाही.

तू, तुझी जाऊ, समोरच्या वहिनी आणि मी, आपण चौघी मिळून पुढच्या महिला सभेला जाऊ. तीनच गोष्टी मागायच्या. प्लास्टिक न्यायला गाडी कोणत्या वारी येणार ते ठरवून पाटीवर लिहा. मृगाच्या आधी गल्लीतल्या सगळ्या नाल्या उपसा, आणि उपसलेला गाळ नालीच्या काठावर न ठेवता उचलून न्या, नाहीतर पहिल्या सरीला तो परत आत जातो. आणि शोषखड्ड्यांच्या यादीत आपल्या गल्लीतली घरं घाला. मागण्या कागदावर लिहून, सह्या करून द्यायच्या आणि पोच घ्यायची. तोंडी बोललेलं इतिवृत्तात येत नाही. तुझं अक्षर चांगलं आहे, अर्ज तू लिही. सभेची तारीख पंचायतीत विचारून घे आणि मला आदल्या दिवशी फोन कर. भाकरी सकाळीच करून ठेव, त्या दिवशी संध्याकाळचं घर भावजी बघतील.